न्यूरेंबर्ग : शहर आणि त्याचे नाव

पानिपत हे हरियानातले एक नांदते गाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात असते? तिथे माणसे राहतात, मागावर कांबळी विणतात, मुलांना शाळेत धाडतात. पण मराठी माणसाच्या लेखी ते गाव १७६१ सालीच संपले आणि त्याचा एक शब्द झाला. गणिताच्या पेपरात मुलाची दांडी उडाली तरी आपण सहज म्हणून जातो, “यंदा पानिपत झालं!” गावाचा शब्द झाला की गावातली माणसे दिसेनाशी होतात. लक्षात राहते ते फक्त तिथे जे घडले तेवढेच.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग या शहराच्या नशिबी असेच काहीसे आले. जगातल्या कोणत्याही कायद्याच्या महाविद्यालयात ‘न्यूरेंबर्ग’ म्हणा, विद्यार्थी एका खटल्याविषयी बोलू लागतील. एखाद्या वृद्ध ज्यू माणसापुढे तेच नाव काढा, त्याला काही कायदे आठवतील. ब्रिटिश वैमानिकांच्या पिढीला त्या नावाने एक चांदणी रात्र आठवत असे. आणि लहान मुलांच्या खेळण्यांचा व्यापार करणाऱ्याला? त्याला तिथली जत्रा आठवेल! एका शहराच्या नावावर इतकी ओझी कशी चढली आणि त्या शहराने ती कशी वाहिली, हे या लेखात पाहायचे आहे.

हा विषय मनात घोळू लागला त्याला एक कारण झाले. मागे एकदा वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा भाग शिकवीत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ज्या गावात हिटलरच्या सभा व्हायच्या, ते गाव बेचिराख झालं तर त्यात वाईट काय झालं?” वर्ग हसला. मला मात्र त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि तिने माझी सुटका केली. पुढे जे लिहीत आहे, ते त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजा.

आधी शहराची ओळख करून घेऊ. जर्मनीच्या दक्षिणेला बव्हेरिया प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागाला फ्रँकोनिया म्हणतात. तिथे पेग्निट्झ नावाच्या लहानशा नदीच्या दोन्ही काठांवर न्यूरेंबर्ग वसले आहे. इसवी सन १०५० मध्ये त्याचा पहिला उल्लेख सापडतो. उत्तरेला वालुकाश्माच्या टेकडीवर सम्राटांचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी उतरत्या छपरांची दाट वस्ती, आणि सगळ्या गावाला वेढणारा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा, बुरुजाबुरुजांचा तट. नदीच्या एका अंगाला संत सेबाल्डचे चर्च, दुसऱ्या अंगाला संत लॉरेंझचे. मधोमध मोठा बाजारचौक. आपल्याकडच्या एखाद्या कोटबंद पेठेचे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

१३५६ साली सम्राट चौथ्या चार्ल्सने असा नियमच घालून दिला की, नव्याने निवडून आलेल्या राजाने आपली पहिली राज्यसभा न्यूरेंबर्गला भरवावी. १४२४ पासून साम्राज्याचा मुकुट, राजदंड आणि इतर राजचिन्हे याच शहराच्या स्वाधीन होती. पण शहराचे खरे वैभव होते ते तिथल्या कारागिरांचे. आल्ब्रेश्ट ड्यूरर हा थोर चित्रकार १४७१ मध्ये इथेच जन्मला. आज जगात शिल्लक असलेला सर्वांत जुना पृथ्वीचा गोल मार्टिन बेहाइमने १४९२ च्या सुमारास इथेच करवून घेतला. कोलंबस त्या वर्षी अजून समुद्रावरच होता, म्हणून त्या गोलावर अमेरिका नाही! पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला तोही इथल्याच छापखान्यात. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली आगगाडी १८३५ मध्ये न्यूरेंबर्गहून शेजारच्या फ्यूर्थ गावी गेली. म्हणजे आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावण्याच्या अठरा वर्षे आधी. शिसपेन्सिली, घड्याळे, मधमसाल्याच्या खमंग वड्या आणि मुलांची खेळणी ही या गावची प्रसिद्ध मालमत्ता.

आता एक गोष्ट वैभवाच्या वर्णनात सहसा सांगितली जात नाही, ती सांगतो. बाजारचौकात जे सुंदर फ्राउएनकिर्शे, म्हणजे मेरीमातेचे देऊळ आहे, त्या जागी पूर्वी ज्यूंचे प्रार्थनास्थळ होते. १३४९ साली सम्राटाच्या संमतीने ज्यूंची वस्ती उठवण्यात आली, त्या वेळच्या दंगलीत पाचशेहून अधिक ज्यू मारले गेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बाजारचौक आणि देऊळ झाले. हे ध्यानात ठेवा. विसाव्या शतकात जे घडले, त्याची एक मुळी इतकी जुनी होती.

हिटलरच्या पक्षाने आपल्या महामेळाव्यांसाठी हेच शहर का निवडले? कारणे काही व्यवहाराची, काही देखाव्याची. शहर देशाच्या मध्याच्या जवळ, रेल्वेची सोय उत्तम, माणसे जमवायला मोकळी मैदाने. शिवाय तिथला पक्षप्रमुख यूलिउस श्ट्रायखर हा हिटलरचा जुना साथीदार. ‘डेर श्ट्यूर्मर’ नावाचे ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारे त्याचे साप्ताहिक १९२३ पासून याच गावातून निघत असे. पण याहून मोठे कारण म्हणजे शहराचे जुनेपण. जुन्या सम्राटांच्या शहरात उभे राहिले की, काल उपटलेला पक्षही त्या सम्राटांचा वारस वाटू लागतो. पुढाऱ्यांना किल्ल्यांच्या पायऱ्यांवर उभे राहून भाषण करायला का आवडते, ते यावरून कळेल.

१९३३ ते १९३८ अशी सहा वर्षे, दर सप्टेंबरात, लाखो माणसे इथे जमत. शहराच्या आग्नेयेला अकरा चौरस किलोमीटरांचा प्रदेश त्यासाठी राखला होता. आल्बेर्ट श्पेअर हा त्याचा मुख्य वास्तुकार. रात्रीच्या सभांत तो शंभराहून अधिक शोधदिवे आकाशाकडे रोखून प्रकाशाचे खांब उभे करी. पन्नास हजार माणसांचे सभागृह बांधायला घेतले. चार लाख प्रेक्षकांच्या क्रीडागाराचा पाया खणला. या बांधकामांना ग्रॅनाईट हवा होता. तो फ्लॉसेनबुर्गसारख्या छळछावण्यांतल्या कैद्यांच्या हातून काढला जाई. १९३९ च्या मेळाव्याला नाव दिले होते ‘शांततेचा मेळावा’! २ सप्टेंबरला तो सुरू व्हायचा होता. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. मेळावा रद्द झाला आणि पुन्हा कधी भरला नाही.

या मेळाव्यांतला १९३५ चा मेळावा विशेष महत्त्वाचा. त्या वर्षी जर्मन लोकसभेला मुद्दाम न्यूरेंबर्गला बोलावण्यात आले आणि १५ सप्टेंबरला तिने काही कायदे मंजूर केले. तेच कुप्रसिद्ध न्यूरेंबर्ग कायदे. त्यांतले दोन नीट समजून घेण्यासारखे आहेत. एकाने असे ठरवले की, पूर्ण नागरिकत्वाचे हक्क ‘जर्मन किंवा तत्सम रक्ताच्या’ माणसालाच मिळतील. बाकीचे राज्याचे नुसते प्रजाजन. दुसऱ्याने ज्यू आणि जर्मन यांच्यातल्या विवाहांना बंदी केली, इतकेच नव्हे तर ज्यू घरात पंचेचाळीस वर्षांच्या आतली जर्मन बाई कामाला ठेवणेही गुन्हा ठरवले. मग प्रश्न आला, ज्यू कुणाला म्हणायचे? दोन महिन्यांनी त्याचीही व्याख्या निघाली. चार आजा-आज्यांपैकी तीन किंवा चार ज्यू असले की तो माणूस ज्यू. तो स्वतः काय मानतो, कोणत्या देवळात जातो, पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठी लढला होता की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. शेजारी शेजाऱ्याचे आजे-पणजे मोजू लागला.

अत्याचार जमावानेही होतात, आणि ते भयंकर असतातच. पण इथे अत्याचाराला शिक्का, सही आणि अनुक्रमांक मिळाला. कारकुनाला आता वाईट वाटून घेण्याचे कारण उरले नाही, तो फक्त कलम लावीत होता. ऑगस्ट १९३८ मध्ये शहरातले मोठे सिनेगॉग शहराच्या सौंदर्याला बाधा आणते या सबबीखाली भरदिवसा पाडण्यात आले. बघायला गर्दी जमली होती. १९३३ मध्ये शहरात सात-आठ हजार ज्यू होते, त्यांतले पुष्कळ वाट फुटेल तिकडे देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्यातली पहिली मोठी तुकडी २९ नोव्हेंबर १९४१ रोजी गाडीत घालून लाटव्हियातल्या रिगा शहराकडे धाडण्यात आली. न्यूरेंबर्गचे पाचशेहून अधिक, आणि आसपासच्या गावांचे मिळून सुमारे एक हजार. जाण्यापूर्वी त्यांना कोंडले होते ते मेळाव्याच्या मैदानालगतच्या लांगवासरच्या बराकींत. त्यांतून परत आलेले फार थोडे. म्हणजे न्यूरेंबर्गची काही माणसे शहरावर मोठे बाँब पडण्याच्या आधीच शहरातून पुसली गेली होती. शहराच्या हालांची कहाणी सांगताना ती इथून सुरू करावी लागते.

आता युद्धाकडे वळू. बाँब पडणार हे जाणत्या अधिकाऱ्यांनी फार लवकर ओळखले होते. लोकांना विजयाची खात्री दिली जात असतानाच शहरातला कलेचा ठेवा लपवायची तयारी सुरू झाली होती. न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालचा खडक मऊ वालुकाश्माचा. मध्ययुगात त्यात बीअर साठवण्यासाठी तळघरे खोदलेली होती. १३८० मध्ये नगरसभेने असा नियमच केला होता की, ज्याला बीअर गाळायची असेल त्याने स्वतःचे तळघर बाळगले पाहिजे. गंमत पाहा, गावकऱ्यांच्या तहानेसाठी खोदलेल्या त्या भुयारांनी सहाशे वर्षांनी चित्रे-मूर्ती वाचवल्या आणि हजारो माणसांचे जीवही वाचवले. किल्ल्याजवळच्या एका गल्लीखाली, जमिनीपासून चोवीस मीटरांपर्यंत खोल, अशा तळघरांना पक्क्या भिंती, लाकडी तळ, उष्ण हवेची व्यवस्था आणि पहारा देऊन कलेचे कोठार तयार केले. बेहाइमचा तो पृथ्वीगोल तिथे ठेवला, चर्चच्या रंगीत काचा ठेवल्या, लाकडात कोरलेली शिल्पे ठेवली. जे हलवता येईना, उदाहरणार्थ चौकातले उंच कारंजे, ते जागच्या जागी चिणून टाकले.

पण त्या कोठारात चोरीचा मालही होता! क्राकोच्या चर्चमधली फाइट श्टोस या शिल्पकाराची प्रचंड वेदी पोलंड जिंकल्यावर उचलून आणली होती. श्टोस मूळ आमच्या न्यूरेंबर्गचा, हे कारण. व्हिएन्नातून साम्राज्याचा मुकुटही १९३८ मध्ये आणला होता.

गावात नुसती खेळणी होत नव्हती. एम.ए.एन. कारखान्यात रणगाडे तयार होत, विजेच्या यंत्रांचे मोठे कारखाने होते. शिवाय मेळाव्यांमुळे शहराचे नाव शत्रूच्या डोळ्यांत सलत होतेच. १९४२ पासून मोठे हवाई हल्ले सुरू झाले. त्यांतली ३० मार्च १९४४ ची रात्र मात्र हल्ला करणाऱ्यांवरच उलटली. ब्रिटनहून ७९५ विमाने निघाली. आकाशात चांदणे होते, वाऱ्याचे अंदाज चुकले, आणि वाटेतच जर्मन लढाऊ विमानांनी त्यांना गाठले. ९५ विमाने परतली नाहीत आणि पाचशेहून अधिक वैमानिक मृत्यू पावले. ब्रिटिश बाँबर दलाचे एका रात्रीत इतके नुकसान साऱ्या युद्धात झाले नाही. शहराला त्या रात्री फारशी झळ लागली नाही.

ती लागली २ जानेवारी १९४५ च्या संध्याकाळी. पाचशेहून अधिक विमाने आली. त्या रात्री हवा स्वच्छ होती आणि खुणा अचूक पडल्या. अशा हल्ल्याची एक ठरलेली रीत असे. आधी मोठे स्फोटक बाँब टाकून घरांची छपरे उडवायची आणि खिडक्या फोडायच्या. मग त्या उघड्या पडलेल्या लाकडी पोटांत हजारो लहान आगलावे बाँब ओतायचे. जुने गाव म्हणजे लाकडी सांगाड्यांची घरे आणि अरुंद बोळ. तासाभरात शेकडो वर्षांचे गाव पेटले. अठराशेवर माणसे मेली, एक लाख लोक बेघर झाले. जुन्या शहराचा सुमारे नऊ-दशांश भाग जमीनदोस्त झाला. किल्ला, नगरमंदिर, दोन्ही मोठी चर्चे, ड्यूररच्या काळची घरांची ओळ, काहीच धड राहिले नाही. खडकातल्या तळघरांत ज्यांना जागा मिळाली ते वाचले. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी हल्ले झाले. युद्धभरात या हल्ल्यांनी शहरातल्या सहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला.

एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य आले. शहाणपण असते तर शहर तसेच त्यांच्या हवाली झाले असते. पण अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम होता, म्हणून त्या मातीच्या ढिगांसाठीही चार दिवस रस्त्यारस्त्यांतून लढाई झाली. २० एप्रिल १९४५ रोजी, नेमक्या हिटलरच्या वाढदिवशी, शहर पडले. युद्धापूर्वी सव्वाचार लाखांच्या आसपास लोकवस्ती होती, त्यांतले दोन लाखही उरले नव्हते. दगडविटांचा राडारोडा एक कोटी घनमीटरांहून अधिक होता.

मुकुटाचे काय झाले? अमेरिकन सैन्याने कोठार उघडले तेव्हा मुकुट, राजदंड वगैरे मुख्य वस्तू गायब! शहराचे अधिकारी म्हणाले, एस.एस.चे लोक घेऊन गेले. वॉल्टर हॉर्न या कलेतिहासकाराने, जो जर्मनीतून अमेरिकेला गेला होता आणि आता अमेरिकन सैन्यात लेफ्टनंट होता, चिकाटीने उलटतपासणी केली. तेव्हा कबुली मिळाली की, शहराच्या अधिकाऱ्यांनीच त्या वस्तू पानियर चौकाखालच्या भुयारात भिंतीत चिणल्या होत्या. जानेवारी १९४६ मध्ये राजचिन्हे व्हिएन्नाला परत गेली, आणि त्याच वर्षी वेदी क्राकोला. चोरीचा माल धन्याकडे पोचला, एवढी तरी गोष्ट सरळ झाली.

याच भग्न गावात जगातला पहिला आंतरराष्ट्रीय युद्धगुन्ह्यांचा खटला चालला. इथेच का? मेळाव्यांच्या गावात न्याय व्हावा, ही कल्पना होतीच. पण मुख्य कारण अगदी साधे. एवढ्या पडझडीत फ्यूर्थ रस्त्यावरची न्यायालयाची प्रशस्त इमारत बरीचशी शाबूत राहिली होती आणि तिला लागूनच तुरुंग होता. २० नोव्हेंबर १९४५ रोजी सहाशे क्रमांकाच्या दालनात सुनावणी सुरू झाली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएट रशिया या चार राष्ट्रांचे न्यायाधीश, ब्रिटनचे सर जेफ्री लॉरेन्स अध्यक्ष. पिंजऱ्यात गोरिंग, हेस, रिबेनट्रॉप, श्पेअर असे एकवीस जण.

रेडिओवर बोलणाऱ्या आम्हा मंडळींना त्या दालनातली एक गोष्ट फार लक्षवेधी वाटते. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत काम चालवायचे होते. एकेक वाक्य थांबून चार वेळा सांगत बसले असते तर खटला वर्षानुवर्षे चालला असता. म्हणून प्रत्येकाच्या कानाला श्रवणयंत्र लावले, आणि काचेमागे बसलेले दुभाषे बोलणाऱ्याच्या पाठोपाठ भाषांतर करीत. बोलणारा फार भराभर बोलू लागला की त्याच्यासमोर पिवळा दिवा लागे, थांबायचे असले की तांबडा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ही पद्धत प्रथम इथे वापरली गेली. मैलोगणिक पसरलेल्या मैदानात एकच आवाज ऐकू यावा म्हणून ज्या गावात कर्णे लावले होते, त्याच गावात आता आरोपीचा शब्दही दुसऱ्याला नीट कळावा म्हणून तारा ओढल्या गेल्या.

आरोप चार प्रकारचे होते: कट, शांततेविरुद्ध गुन्हे, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्ध गुन्हे. मुख्य अमेरिकन अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा कागदांवर भर दिला. कागद नाझींचेच, सह्या त्यांच्याच. ज्या कारकुनी टापटिपीने माणसे मारली गेली, तिनेच शेवटी साक्ष दिली. १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल पुरा झाला. बारा जणांना फाशी, सात जणांना कैद, तिघे निर्दोष सुटले. गोरिंगने आदल्या रात्री विष घेतले, बोरमान सापडलाच नव्हता. १६ ऑक्टोबरच्या पहाटे दहा जण फासावर गेले. त्यांत श्ट्रायखर होता. त्याने स्वतः कुणावर गोळी झाडल्याचा पुरावा नव्हता. वर्षानुवर्षे छापून लोकांना खुनाला चिथावले, हाच त्याचा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. लेखणीवाल्यांनी हा निकाल मुद्दाम वाचावा. त्यानंतर १९४९ पर्यंत याच इमारतीत डॉक्टर, न्यायाधीश, कारखानदार यांच्यावर आणखी बारा खटले चालले. माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची राजीखुशीची संमती हवी, हा वैद्यकातला नियम १९४७ च्या डॉक्टरांच्या खटल्याच्या निकालात स्पष्ट शब्दांत मांडला गेला.

या न्यायाविरुद्ध आक्षेप नव्हते का? होते, आणि ते वजनदार होते. जेत्यांनीच न्यायाधीश व्हावे का? गुन्हा घडून गेल्यावर कायदा करावा का? जर्मन विमानांनी वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री ही शहरे जाळली आणि दोस्तांच्या विमानांनी न्यूरेंबर्गसारखी, तो प्रश्न तर या न्यायालयात ऐरणीवर आलाच नाही. टोकियोला जपानी नेत्यांवर असाच खटला चालला, तेव्हा आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये भिन्न निकाल देऊन याच स्वरूपाचे आक्षेप सविस्तर मांडले. ते आक्षेप पुसता येत नाहीत. पण दुसरी बाजूही पाहावी. ‘मी फक्त हुकूम पाळला’ एवढे म्हणून कुणी सुटणार नाही, आणि राज्यप्रमुखही कायद्याच्या वर नाही, ही तत्त्वे या गावातून जगात गेली. १९९८ मध्ये रोम येथे ज्या कराराने कायमचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय निर्माण झाले, त्याचे मूळ या सहाशे क्रमांकाच्या दालनात आहे.

आता गावकऱ्यांकडे परत येऊ. त्यांना खटल्यापेक्षा छप्पर आणि भाकरी यांची चिंता होती. गाव इथेच बांधायचे की दुसरीकडे? बांधले तर जुन्याची हुबेहूब नक्कल करायची की सगळे नवे? १९४७ मध्ये वास्तुकारांची स्पर्धा भरवली आणि मधला मार्ग निघाला. रस्त्यांच्या जुन्या रेषा कायम ठेवायच्या, घरांची उंची आणि छपरांचा उतार जुन्यासारखा राखायचा, वालुकाश्म वापरायचा, पण घरे मात्र नव्या माणसांना राहायला सोयीची, साधी बांधायची. किल्ला, मोठी चर्चे अशी निवडक वास्तू तेवढी दगडावर दगड जुळवून पुन्हा उभी केली. १९५२ मध्ये लॉरेंझचे चर्च आणि १९५७ मध्ये सेबाल्डचे चर्च पुन्हा उघडले. संत कॅथरीनचे चर्च मात्र मुद्दाम बिनछपराचे ठेवले. भिंतींच्या आत उघड्यावर गाणे-वाजवणे होते, आणि वर आकाश दिसते. डिसेंबरातला पारंपरिक नाताळबाजार १९४८ मध्ये पुन्हा भरला, आणि १९५० मध्ये तिथे खेळण्यांची व्यापारी जत्रा सुरू झाली. रणगाडे घडवणाऱ्या गावाला पुन्हा चावीच्या मोटारी आठवल्या.

राडारोड्याचे काय केले, हे ऐकण्यासारखे आहे. चार लाख प्रेक्षकांच्या क्रीडागारासाठी जो प्रचंड खड्डा खणला होता, त्यात पाणी भरून तळे झाले, आणि त्याच्या काठावर जळक्या गावाचे दगडविटा ओतून एक टेकडी उभी राहिली. टेकडीवर आता झाडे आहेत. पण ढिगाऱ्यातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी तळ्याचे पाणी विषारी झाले, तिथे पोहायला बंदी आहे. वरून सगळे हिरवेगार, आणि खाली विष.

मैदानावरच्या इमारतींचा प्रश्न याहून अवघड होता. पाडाव्यात, तर पुरावा पुसल्यासारखे होईल. डागडुजी करून चकचकीत कराव्यात, तर हिटलरच्या देखाव्याची सेवा केल्यासारखे होईल. बरीच वर्षे शहराने तिसरा मार्ग धरला: दुर्लक्ष! अर्धवट सभागृहात गुदामे झाली, व्यासपीठाभोवती मोटारींच्या शर्यती लागल्या. १९६७ मध्ये व्यासपीठावरची खांबांची रांग मोडकळीला आल्याच्या कारणाने सुरुंग लावून पाडली. बोलण्याची ताकद येईपर्यंत एक पिढी उलटावी लागली. १९९३ मध्ये इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांच्या कल्पनेतून शहरात मानवी हक्कांचा रस्ता तयार झाला. तिथल्या खांबांवर १९४८ च्या जाहीरनाम्यातली तीसही कलमे कोरली आहेत. १९९५ पासून शहर दर दोन वर्षांनी मानवी हक्कांसाठी पारितोषिक देते. २००३ मध्ये ते मुंबईच्या तीस्ता सेटलवाड आणि पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांना विभागून मिळाले. २००१ मध्ये त्या अर्धवट सभागृहात संग्रहालय उघडले. वास्तुकाराने त्या जाड भिंती रंगवल्या नाहीत की सजवल्या नाहीत. त्यांच्या आरपार पोलादाचा आणि काचेचा एक तिरका मार्ग घुसवला, पायात काटा घुसावा तसा. २०१० मध्ये न्यायालयाच्या इमारतीत खटल्याचे स्मारक झाले. सहाशे क्रमांकाच्या दालनात मात्र २०२० पर्यंत गावातले नेहमीचे फौजदारी खटलेही चालत होते.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळतो. बाळ, गाव दोषी असते का, असा तुझ्या प्रश्नाचा खरा अर्थ होता. मला वाटते, गाव दोषी नसते, माणसे असतात. सिनेगॉग पडताना जमलेल्या गर्दीत कोण टाळ्या वाजवीत होते आणि कोण मान खाली घालून उभे होते, याचा हिशेब बाँबला करता येत नाही. २ जानेवारीच्या रात्री बोळात सापडलेल्या पाच वर्षांच्या मुलाने मेळावे पाहिले नव्हते, आणि मेळाव्यांत भाषणे करणारे त्या रात्री पक्क्या तळघरांत होते. न्यायालयाने मात्र एकेका माणसाला नाव घेऊन उभे केले, त्याचे म्हणणे ऐकले आणि तिघांना सोडूनही दिले. त्या न्यायात उणिवा होत्या, हे वर सांगितलेच. तरी बाँब आणि न्याय यांच्यात फरक आहे तो हा.

आणि दुसरे असे. गाव दोषी नसले तरी गावाला आठवण ठेवावी लागते. जे मारले गेले त्यांची, आणि आपल्यातल्या ज्यांनी मारले त्यांचीही. ही दुसरी आठवण ठेवणे फार कठीण. न्यूरेंबर्गलाही ते साधायला पन्नास वर्षे लागली. तुझा प्रश्न ऐकून त्या दिवशी वर्ग हसला होता, तुला आठवत असेल. त्या हसण्यात मीही थोडासा सामील होतो, हे आज कबूल करून हा तास पुरा करतो.